कॉम्प्रेसर नको, डेस

बूलारी, दक्षिण ऑस्ट्रेलिया
सोमवार, ३ मार्च

आदरणीय मर्लताई यांस,

डेस्मंड पास्को याचा नमस्कार पोचावा.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी खुर्चीत बसला असाल आणि मग कोण मेलं असेल याचा विचार केला असेल. कोणीही मेलेलं नाही. मी बरा आहे. डावा गुडघा आहे तसाच आहे, उजवा त्याच्या वळणावर चालला आहे. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता तुम्ही काठीशिवाय फाटकापर्यंत जाता असं डॉटकडून कळलं. (डॉटला हे कसं कळतं ते मला विचारू नका. ती पोस्ट ऑफिस चालवते. तिला सगळंच कळतं.) तुमच्या टास्मानियात, बर्नीला, पाऊस असेलच, तिथे दुसरं असतं काय? इथे नोव्हेंबरपासून थेंब नाही. कोंबड्या तीन उरल्या आहेत आणि त्यातली एक माझ्याकडे ज्या नजरेनं बघते ती पाहून मला तुमची आठवण येते. राग मानू नये.

अडीच वर्षांत आपण एकमेकांशी का बोललो नाही याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. हे पत्र फक्त कॉम्प्युटरबद्दल आहे.

तर कॉम्प्युटर. ग्लेनिसचा, मागच्या काचेच्या खोलीतला. ग्लेनिसला ॲम्ब्युलन्सनं नेलं त्या दिवशी तो चालू होता, आणि पुढे मी तो कधी बंदच केला नाही. पडद्यावर तिनं लावलेला पेलिकन, खाली कोपऱ्यात वेळ आणि तारीख. रोज सकाळी चहाचा मग घेऊन मी तिथे बसायचो, माऊस जरा हलवायचो, हवामान बघायचो आणि उठायचो. बाकी काही उघडलं नाही. दुसऱ्याची पत्रं फोडू नयेत असं माझ्या आईनं शिकवलं होतं, आणि बायकोची पत्रं ही दुसऱ्याचीच पत्रं असतात. अधूनमधून पडद्यावर पाटी यायची: जागा संपत आली आहे, सुधारणा खोळंबल्या आहेत, कृपया बंद करून पुन्हा चालू करा. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. मी अडीच वर्षं 'नंतर' दाबत आलो. (तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय!) शेवटी जानेवारीत तो इतका मंदावला की हवामान उघडेपर्यंत हवामान बदलून जायचं, आणि आतून टक टक असा आवाज यायला लागला. आवाज ऐकला की माझ्यासारख्या माणसाच्या मनात एकच विचार येतो, की बेअरिंग गेलं.

सामानाच्या खोलीच्या दाराला आतून ग्लेनिसनं कागद चिकटवून ठेवले आहेत ते तुम्ही पाहिले आहेत. टाकीचा पंप कसा लावायचा, जनरेटर कसा सुरू करायचा, आणि तिसरा, ज्याच्याकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं: 'घरच्या कॉम्प्युटरची देखभाल, दर महिन्याचा पहिला सोमवार.' मी पाहिलं तेव्हा नेमका फेब्रुवारीचा पहिला सोमवार होता. पहिली ओळ होती, 'धूळ काढणे'. पुढचं सगळं धान्याच्या कोठारवाल्यांनी दिलेल्या कॅलेंडराखाली झाकलेलं. मी काही कॅलेंडर उचललं नाही, कारण धूळ काढणं मला येतं. पन्नास वर्षं दर कापणी संपली की मी कापणीच्या यंत्रातून भुसा उडवत आलो आहे, आणि तो उडवायचा एकच मार्ग या जिल्ह्यात मान्य आहे. मी वायर उपटली, कॉम्प्युटर ढकलगाडीत घातला आणि शेडमध्ये कॉम्प्रेसरसमोर नेऊन ठेवला.

मर्लताई, पहिल्या फवाऱ्यातच आतला छोटा पंखा असा फिरायला लागला की ते खोकं उडून धान्याच्या सायलोवर जाऊन बसेल असं मला वाटलं. मागोमाग धूळ. आमच्या घरात इतकी लाल माती होती हे मला ठाऊक नव्हतं. १९८३ च्या वादळातली थोडी नक्कीच असेल. (तेव्हा कॉम्प्युटर नव्हता हे मला कळतं. पण ही माती जुनी होती.) आणि धुळीच्या मागोमाग तळहाताएवढा एक कोळी बाहेर आला, आधी पडद्याच्या वायरीवर, मग माझ्या शर्टात. शर्टाच्या बाहेरच्या बाजूला असता तर मी काही बोललो नसतो. मी हातातली नळी सोडली. चालू कॉम्प्रेसरची सुटलेली नळी काय करते हे तुम्हाला माहीत नसेल. ती शेडभर नाचली, रंगाचे दोन डबे पाडले, कोंबड्यांना बाहेर काढलं आणि मला पाठीत एक सणसणीत हाणली. हे सगळं शांत झाल्यावर टक टक थांबावी म्हणून मी आत तेलाचा एक थेंब सोडला, सगळं परत नेऊन जोडलं, आणि बटण दाबलं.

चालू झाला. पण पेलिकन नव्हता. काळा पडदा, मधोमध तिचं नाव, 'ग्लेनिस', आणि नावाखाली एक रिकामी चौकट. गुप्त शब्द लिहा म्हणे.

तेव्हा मी कॅलेंडर उचललं. पहिली ओळ पुरी अशी होती: 'धूळ काढणे. मऊ ब्रशनं. कॉम्प्रेसर नको, डेस.' मी तिथेच पिठाच्या पिंपावर बसलो. माणूस गेल्यावर अडीच वर्षांनी त्याचा टोमणा ऐकू यावा, आणि तेही इतकं नेमकं! खालच्या ओळी अशा: कचऱ्याची पेटी रिकामी करणे. वर्षभर न उघडलेलं काढून टाकणे. सुधारणा होऊ देणे, 'नंतर' दाबू नये. बाहेरच्या डिस्कवर नक्कल करून ठेवणे. आणि सहावी ओळ: 'चहा. डेसला शेडमधून हाक मारणे.' दर महिन्यात एका सोमवारी चहा लिंबाच्या वडीसकट यायचा आणि मला कधी प्रश्न पडला नाही की आजच का. (बाहेरची डिस्क कोणती ते शोधायला मला दोन दिवस लागले. ती काळी डबी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. मीच ठेवली होती. टेबल आता डगमगत नाही, पण डबीही चालत नाही.)

कॉम्प्युटर घेऊन मी ग्रंथालयात व्हूलाकडे गेलो. व्हूला कॅरास तुम्हाला आठवेल, बेकरीवाल्या ग्रीकाची मधली मुलगी. मंगळवारी सकाळी ती म्हाताऱ्यांचे कॉम्प्युटर बघते. तिनं झाकण उघडलं आणि वास घेतला.

"डेस, यात तेल घातलंस?"

"थेंबभरच."

"ट्रॅक्टरचं?"

"शिवणयंत्राचं. मी काय वेडा आहे?"

 ती कापसाच्या बोळ्यांनी तासभर पुसत बसली. मग तिनं मला खुर्ची दिली (व्हूला खुर्ची देते तेव्हा बातमी वाईट असते) आणि सांगितलं की तो आवाज बेअरिंगचा नाही, आतली डिस्क मरायला टेकली आहे. आठवडे म्हण, महिने म्हणू नकोस. ग्लेनिसनं सगळं कुलूपबंद केलेलं आहे, त्यामुळे शब्दाशिवाय डिस्क काढून कुठेही नेली तरी नुसता कचराच दिसेल. शब्द मिळाला तर डिस्क जायच्या आत सगळं उतरवून घेऊ. नाही मिळाला तर नवी घालून कोरा करून देते, नव्यासारखा पळेल. मी म्हटलं, मला तो पळायला नको आहे. तिनं शब्द आठवायला दिवसाला तीनच वेळा चालू करायचं बंधन घातलं, कारण चालू केला की झिजतो. आणि चुकीचा शब्द दिला की चौकटीखाली ग्लेनिसनंच लिहून ठेवलेली खूण उमटते असं दाखवलं. ती खूण वाचून व्हूला हसायला लागली आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

खूण अशी आहे: 'मर्ल डेसला काय म्हणते ते.'

आता तुम्हीच सांगा. गेले अठ्ठावीस दिवस मी सकाळच्या चहाबरोबर बसून स्वतःला तीन शिव्या देतो आहे. त्याही तुमच्या तोंडच्या. सुरुवात सोपी होती: गाढव, मठ्ठ, हेकट. दुसऱ्या दिवशी गुलाबी काकाकुवा (मूर्ख माणसाला याहून नेमका शब्द आपल्याकडे नाही), ओंडका, कुचकट. मग साठा संपला आणि विचार करावा लागला, आणि विचार करायचा म्हणजे मी काय काय केलं होतं ते आठवणं आलं. लग्नाच्या दिवशी मी अंगठी घरी विसरलो आणि तुम्ही तुमची काढून दिलीत, म्हणून 'विसरभोळा'. तुमची नवी बॅग दारात असताना पिकअप मागे घेतली, म्हणून 'आंधळा'. कुरोंगला सहलीला गेलो तेव्हा तुम्हाला पोहायला येतं असं धरून होडी हलवली, म्हणून 'खुनी'. तुमचा नवरा गेला तेव्हा पेरणी चालू आहे म्हणून मी टास्मानियाला आलो नाही, ग्लेनिस एकटी आली. त्या दिवशी कोणता शब्द टाकला ते लिहीत नाही. टाकला तेव्हा तो बरोबर निघेल असं मला खरंच वाटलं होतं. निघाला नाही. ऐंशीच्या वर शब्द झाले आहेत, मर्लताई, आणि एकही तुम्ही म्हटलेला नाही. तुमच्याबद्दलचा आदर तरी वाढतो आहे किंवा तुमच्या शब्दसंग्रहाची धास्ती तरी.

लिहायचं नाही असं वर म्हटलं होतं, पण आता इथवर आलोच आहे. दफनाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचं कपाट उघडलंत आणि कपडे पिशव्यांत भरायला घेतलेत. चर्चच्या दुकानात द्यायला. मी दारात उभा राहून ओरडलो. महिला मंडळाच्या बायका स्वयंपाकघरात ताटल्या पुसत होत्या, त्यांच्यासमोर मी तुम्हाला म्हणालो की बहिणीची जागा अजून गरम आहे आणि तुम्ही लुटायला आलात. तुम्ही पिशव्यांतलं एकेक परत हँगरवर लावलंत, घाई न करता, आणि दुपारच्या बसनं निघून गेलात. 'वर्षभर न उघडलेलं काढून टाकणे', हे तिच्याच कागदावर आहे. तुम्ही जे करत होता ते मला जमणार नाही हे ओळखूनच करत होता, आणि तेव्हा मला ते कळलं नाही असं नाही, कळलं म्हणूनच ओरडलो. कपाट तुम्ही लावलंत तसंच आहे. मी ते त्यानंतर उघडलेलं नाही.

घर फार शांत झालं आहे. आत्तापर्यंत त्या खोलीतून कॉम्प्युटरची घरघर तरी यायची, पलीकडे कोणीतरी काहीतरी करत बसलंय असं वाटायचं. आता दिवसाला तीन मिनिटं येते आणि बंद होते. मी एकटा आहे. सत्त्याहत्तर वर्षांत हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि इथे सांगायची रीतही नाही. इथे माणूस शेजारी जातो तो पाना मागायला. माझ्याकडे सगळे पाने आहेत.

चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहून ती संध्याकाळी तिथे बसून काय टाइप करायची हे मला माहीत नाही. ते काय होतं ते मला बघायचं आहे. ते पुसलं गेलं तर ती दुसऱ्यांदा गेली असं होईल. तरी मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्हाला फक्त कळवतो आहे. शब्द माझा मी शोधीन.

प्रकृतीस जपावं. खुब्यावर जोर देऊ नये. कोंबड्यांचा नमस्कार.

आपला,
डेस्मंड पास्को

ता. क. — शब्द मागतो आहे. तुम्ही मला काय म्हणता ते कृपया स्पष्ट अक्षरात लिहून पाठवावं. कितीही वाईट असला तरी चालेल, मी मनाला लावून घेणार नाही. एकाहून जास्त असतील तर वापरातल्या क्रमानं लिहावेत.

दुसरा ता. क. — लिहून पाठवू नका. टास्मानियाचं टपाल यायला आठवडा लागतो आणि डिस्क थांबेल न थांबेल. फोन करा. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. तुमचा आवाज फोनवर अगदी तिच्यासारखा येतो. पूर्वी तुमचा फोन आला की मी दर वेळी फसायचो आणि तुम्हाला 'दूध आण' म्हणायचो. तुम्ही चिडायचात. तेव्हा फोन करा, आणि जी शिवी असेल ती तोंडानंच द्या.

तिसरा ता. क. (मंगळवार) — पाकीट पुन्हा फोडलं आहे, चिकटपट्टी दिसेल. काल दुपारी ते टाकायला पोस्टात गेलो. डॉटनं शिक्का मारला, पत्ता वाचला आणि म्हणाली, "लिहिलंस एकदाचं! आता ती बाई मला फोन करायची थांबेल."

मी म्हटलं, "कोण बाई?"

"कोण म्हणजे? मर्ल. अरे, अडीच वर्षं झाली, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठीक दहाला फोन. आज सकाळीसुद्धा आला होता. 'डॉट, आपला डेस काय म्हणतोय? आपला डेस जेवतो का नीट?' मी सांगते, जेवतो, पण दाढी करत नाही."

मी काउंटरवरून पाकीट उचललं आणि घरी आलो. डॉट मागून ओरडत होती की तिकिटावर शिक्का मारून झालाय. कालचे तीन शब्द सकाळीच संपले होते. पण मी व्हूलाचं न ऐकता चौथ्यांदा बटण दाबलं आणि चौकटीत लिहिलं, आपला डेस.

पेलिकन आला.

मर्लताई, तुम्ही दोघी बहिणींनी माझी केवढी फसवणूक केलीत! आत तिनं तुम्हाला लिहिलेली पत्रं आहेत, ती मी वाचली नाहीत, ती तुमची आहेत. पण जागा कशानं भरली होती ते व्हूलानं आज शोधून काढलं. सहा हजारांवर फोटो. सगळे माझे. रविवारी भाजलेल्या मटणाचं जेवण झाल्यावर खुर्चीत झोपलेला मी, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. बारा वर्षांचे रविवार. एक तुम्हाला पाठवायला ती दहा काढायची आणि उरलेले नऊही टाकून द्यायची नाही. सगळ्यांवर एकच नाव, 'आपला डेस', आणि तारीख. त्या पहिल्या सोमवारच्या साफसफाईत ती बाकी सगळं काढून टाकायची ते या घोरणाऱ्या माणसाला जागा करायला. व्हूला म्हणाली, यातले निम्मे तरी काढूया का, सगळे सारखेच आहेत. मी म्हटलं, सारखे नाहीत. माझ्या मागे काचेचं कपाट आहे, आणि प्रत्येक फोटोत त्या काचेत कॅमेरा धरून ती उभी आहे. कधी एप्रन घातलेली. एकात हसते आहे. व्हूलानं सगळेच्या सगळे उतरवून घेतले, दोन ठिकाणी, आणि तिसरी नक्कल डॉटच्या तिजोरीत ठेवली आहे. टेबलाखाली आता लाकडाचा तुकडा आहे.

म्हणजे आता शब्दासाठी फोन करायची गरज उरलेली नाही. तरी कर.

चौथा ता. क. — मर्ल, ईस्टरला ये. बसथांब्यावर मी पिकअप घेऊन उभा राहीन, बॅग तू आधी गाडीत ठेव आणि मगच मी गाडी मागे घेईन. कपाट आपण दोघं मिळून उघडू, पिशव्या मी धरतो. रविवारी मटण करीन आणि जेवण झालं की खुर्चीत झोपीन. कॅमेरा आण. शेवटच्या फोटोवर तीन जुलैची तारीख आहे, त्यानंतर माझा एकही फोटो कोणी काढलेला नाही.